एका रिळापुरता खेळ

मी तंबूतल्या सिनेमाचा पडदा बोलतोय. रिसोडच्या एका शिंप्यानं मांजरपाटाचे पट्टे जोडून मला शिवलं. मालक जानराव मला मेडशी, कामरगाव असा गावोगाव मिरवी. माझ्यापुढे पुरुष बसत, मागे बायका. चित्र आरपार दिसावं म्हणून खेळाआधी मला पाणी मारत. बायकांना सगळं उलटं दिसे. त्यांचा नायक कायम डावखुरा.

चौऱ्याहत्तर साली मेडशीत मारामारीच्या पिक्चरऐवजी चुकून भलत्याच पिक्चरच्या रिळांच्या पेट्या आल्या. गाणं नाही, फायटिंग नाही. नवरा गेलेली एक म्हातारी रोज दोन ताटं वाढते, मग एक तसंच उचलून ठेवते, एवढंच. पुरुष शिव्या घालत उठले. मागे मनकर्णाबाई मात्र हलली नाही. तिचा नवरा गेल्यापासून तिनं बोलणंच टाकलं होतं. खेळ संपल्यावर ती जानरावाला म्हणाली, "मी बी दोन ताटं वाढतो, भाऊ. मले वाटे, मीच येडी झाली. हे पिक्चर बनवणाऱ्या मानसाले कसं मालूम?"

त्यानंतर तिचं तोंड उघडलं ते उघडलंच. शेतात निंदायला जाताना बायका त्या म्हातारीवरून वाद घालत आणि मनकर्णाबाई चक्क हसे. आता तिला त्याच माणसाचा दुसरा खेळ हवा होता. जानराव टाळत राहिला. असल्या खेळाला कुत्रंही फिरकत नाही, म्हणाला. तिनं घरोघर फिरून बायका जमवायचं कबूल केलं, तेव्हा कुठे त्यानं पेट्या मागवल्या.

त्या संध्याकाळी मागची बाजू गच्च भरली. माझ्यावरच्या चित्रात एक बाई घराला कुलूप लावून निघाली आणि वाटेत थबकून किल्लीकडे पाहू लागली. तेवढ्यात पुरुषांकडून दगड आले. एकानं मला कडेला टराटरा फाडलं. पहिलं रीळ संपताच जानरावानं मारामारीचं रीळ चढवलं.

"त्या बाईचं पुढं काय झालं?" मनकर्णाबाईनं विचारलं.

"मले काय मालूम, बाई. मी तरी कुठं पाह्यलं?"

सकाळी पेट्या परत गेल्या. पुढं तंबूही मोडला. मी आता मेडशीतच एका खळ्यावर तूर झाकतो. मनकर्णाबाई तिथं मजुरीला येते, मला झटकते, घडी घालते. पुन्हा गप्प झालीय. तिच्यासाठी जीव तुटतो, पण सांगू काय? पडदा असून मलाही पुढचं दिसलं नाही.

तुमच्यापैकी कुणी तो खेळ पुरता पाहिला असेल, तर मेडशीला येऊन तिला सांगा. कुणी येईल असं मला वाटत नाही. आणि तिनं तर आता विचारणंही सोडलंय.