आप्पांची टपालपेटी

वृषभनं राउटरची वायर उपटली, तिच्या टोकावर फुंकर मारली आणि परत खुपसली. हिरवा दिवा लुकलुकला. लॅपटॉपवर मात्र दुपारपासून येत होती तीच ओळ पुन्हा आली : सर्व्हरनं संपर्क नाकारला.

"नाकारला म्हणं!" तो ओरडला. "माझ्या घरात मलाच नाकारतोय!"

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला. आई आणि सोनल दोघीही आत होत्या. तो भडकला की आई आणि बायको मिळून गप्प बसतात, हे त्याला ठाऊक होतं, आणि त्या गप्प बसण्यानंच तो जास्त भडकायचा.

सर्व्हर म्हणजे आप्पांच्या खोलीत, खिडकीखालच्या स्टुलावर ठेवलेला एक जुना काळा कंप्युटर. आप्पा, वृषभचे वडील बाहुबली मगदूम सर, निपाणीच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झाले आणि बस्तीच्या, म्हणजे जैन मंदिराच्या, कट्ट्यावर बसून गप्पा हाणायच्या वयात लिनक्स शिकले. आपली पत्रं परक्याच्या घरात कशाला ठेवायची, असं म्हणून त्यांनी घरातच टपालखातं उघडलं. घरातल्या प्रत्येकाची त्यावर एक पेटी. आप्पांची, आईची, वृषभची, आणि लग्न होऊन आली तशी सोनलचीही. आप्पांना जाऊन वर्ष होत आलं होतं, पण यंत्र चालूच होतं, आणि त्याची चाकरी वृषभच्या गळ्यात पडली होती.

आज ती संपवायची होती. क्षमावाणीचा, एकमेकांची क्षमा मागायचा दिवस, दुकान बंद. आपली, आईची आणि सोनलची अशी तिघांची पत्रं बाहेरच्या एका कंपनीच्या मेलवर उतरवून घ्यायची आणि संध्याकाळी यंत्राचा प्लग काढून टाकायचा, असं त्यानं ठरवलं होतं. सकाळी आईनं विचारलं होतं :

"आन त्यांची पेटी?"

"ती कशाला? कोण वाचणार हाय?"

"तसं न्हवं रं..."

"आई, मेलेल्या माणसाला मेल येत न्हाय."

बोलून गेल्यावर त्याला वाईट वाटलं, पण तोवर ती आत निघून गेली होती.

त्या पेटीवर त्याचा राग होता, आणि तो उगाच नव्हता. इंजिनिअरिंग अर्ध्यात सोडून त्यानं निपाणीतच दुकान टाकलं. कॅमेरे बसवायचे, इंटरनेट जोडून द्यायचं. धंदा बरा चालला. सहा वर्षांपूर्वी शाळेच्या एका समारंभात कुणीतरी जुना विद्यार्थी आप्पांना म्हणाला, "सर, चिरंजीव काय करतात?" आप्पा म्हणाले, "वायरी ओढतो." माणसं हसली. आप्पाही हसले. वृषभ तिथंच, माईकची वायर हातात धरून उभा होता.

त्या दिवसापासून बापलेकांचं बोलणं बंद झालं. घर एकच. दिवस बुडायच्या आत आप्पांचं जेवण व्हायचं, तो नेम त्यांनी जन्मभर मोडला नाही. आणि वृषभ दिवस बुडाल्याशिवाय घरात पाऊल टाकायचा नाही. काही काम निघालं की आप्पा शेजारच्या खोलीतून मेल पाठवायचे. 'लाईट बिल भरणे. — बा. आ. मगदूम.' पोटच्या पोराला पूर्ण सही! गेल्या क्षमावाणीला याच पेटीतून त्यांनी साऱ्या गोतावळ्याला क्षमेची मेल धाडली. ज्या शेजाऱ्याशी सांडपाण्यावरून जन्मभर वाद घातला, त्यालाही पाठवली. वृषभला नाही. त्यानं त्या दिवशी बंद दुकानात बसून आपली पेटी कितीदा उघडून बघितली, हे त्याचं त्यालाच ठाऊक. पुढं दिवाळीच्या आधीच आप्पा गेले.

आणि आता तो माणूस गेल्यावरही त्याचं यंत्र वृषभला दारात उभं करून घेत नव्हतं. त्यानं इंटरनेटवाल्या परशरामला फोन लावला.

"परशराम, लाईन तपास. आठवडाभर हेच चाललंय. दुपार झाली की मेल बंद."

"लाईन चांगली हाय की अण्णा. व्हिडिओ चालत्यात न्हवं?"

"चालत्यात."

"मग दोष लाईनचा न्हाय. घरातलाच असणार."

"घरातला म्हंजे? मला शिकवतोस व्हय रं?"

त्यानं फोन सोफ्यावर आपटला. पण बोलणं डोक्यात राहिलं. त्यानं आपल्या मोबाईलचं वायफाय बंद केलं आणि बाहेरच्या नेटवरून मेल उघडून बघितली. लगेच उघडली. म्हणजे साऱ्या जगाला दार उघडं होतं आणि बंद होतं ते फक्त या घराला. त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

तो आप्पांच्या खोलीत गेला आणि स्टुलाशेजारच्या खुर्चीत बसला. भिंतीवर आप्पांचा फोटो होता, त्याच्याकडं त्यानं पाठ केली. काळ्या पडद्यावर हुकूम लिहायला त्याला आप्पांनीच शिकवलं होतं, दोघं बोलत होते तेव्हा. थोड्या खटाटोपानंतर कारण सापडलं. कुणी लागोपाठ चुकीचा पासवर्ड घातला की यंत्रानं त्याला तासभर दारातच अडवायचं, असा नियम आप्पांनी घालून ठेवला होता. पण घरातला कुठलाही फोन यंत्राकडं जाताना राउटरच्याच पत्त्यावरून जायचा, त्यामुळं यंत्राला कोण कुठला ते ओळखू यायचं नाही. एकानं चूक केली की अख्खं घर बाहेर. मगदूम सर वर्गातही तेच करायचे. एकानं खोडी काढली की सगळा बाक उभा.

मग त्यानं नोंदी वर सरकवल्या. चुकीचे पासवर्ड पडत होते ते सगळे एकाच पेटीवर. आप्पांच्या.

"कोण रं हा?" तो दातओठ खात म्हणाला. "आमच्याच वायफायवर बसून आमचीच पेटी फोडतोय?"

त्यानं घरावरची बंदी उठवली आणि यंत्राला सांगितलं, आता चुकीचा पासवर्ड काय घातला तेही लिहून ठेव. मग हाताची घडी घालून, शिकाऱ्यासारखा पडद्याकडं बघत बसला. फार वेळ बसावं लागलं नाही. एक ओळ उमटली. मग दुसरी.

vrushabh. Vrushabh. vrushabh1984.

चोराला त्याचं नाव माहीत होतं, जन्मसालही माहीत होतं. तो तिथूनच गरजला, "सोनल!"

सोनल पदराला हात पुसत दारात आली.

"आप्पांच्या पेटीत तुला काय बघायचंय?"

"मला? मला काय करायची त्यांची पेटी?"

"मग माझं नाव घालून कोण उघडतंय? माझं जन्मसाल कुणाला ठाऊक हाय?"

"अख्ख्या गावाला. गाडीचा नंबर बी तोच घेतलाय तुम्ही." तिचा आवाज बारीक झाला. "सकाळी बस्तीत हात जोडून माझ्याकडं क्षमा मागितलीसा. निदान दिवस तरी बुडू द्यायचा."

तो आणखी मोठ्यानं बोलणार होता. तेवढ्यात पडद्यावर नवी ओळ आली.

babu.

जगात त्याला बाबू म्हणणारी दोनच माणसं. त्यातलं एक भिंतीवर होतं. सोनलनंही ती ओळ वाचली आणि परसाकडं बघितलं.

त्याची आई राजमती परसाच्या पायरीवर बसली होती. चष्मा नाकावर, फोन हातभर लांब धरलेला, उजव्या हाताचं एकच बोट अक्षर शोधत फिरत होतं. वृषभची सावली पडली तसा तिनं फोन पदराखाली घेतला.

"आई, किती दिस चाललंय हे?"

"तू वरडशील म्हणून सांगितलं न्हाय."

"वरडणारच! तुझ्यापायी सगळ्या घराची मेल बंद पडतीया!"

"माझ्यापायी?" ती खरोखरच चकित झाली. "मला वाटलं, माझंच बोट चुकतंय."

"काय काढायचंय तुला त्या पेटीतनं?"

"काढायचं काय न्हाय. एक पाठवायचं हाय." ती फोनकडं बघत राहिली. "गेल्या साली ते समद्यांना क्षमेचं पाठवत हुते. मी शेजारीच बसलतो. म्हटलं, आन बाबूला? तर म्हणाले, त्याला मेल न्हाय. त्याला तोंडानं सांगतो, जेवताना."

वृषभ एक पाऊल जवळ सरकला.

"त्या दिशी ताट वाढल्यावर बी हात लावला न्हाय त्यांनी, तुझी वाट बघत बसले. दिवस पार बुडाय आला तसे चार घास खाल्ले. दुसऱ्या दिशी बी तसंच. मग दवाखाना झाला." तिनं डोळ्यांवरचा चष्मा काढून पदरानं पुसला. "मला वाटलं, आज यंत्र काढायच्या आत त्यांच्या पेटीतनं तेवढं एक तुला पाठवावं. त्यांचं ऱ्हायलंय ते."

"तोंडानं सांगायला जेवण कशाला लागतं?" त्याचा आवाज फाटला. "खोली शेजारी हुती! दुकानाम्होरनं रोज बस्तीला जात हुते! एकदा पायरी चढले असते तर काय झालं असतं?"

"व्हय," आई म्हणाली. "चढाय पायजे हुतं."

तिनं नवऱ्याची बाजू घेतली असती तर त्याला भांडता तरी आलं असतं. तो पायरीशेजारी तसाच उभा राहिला, मुठी वळून.

"आन पासवर्ड माझं नाव असणार, हे कशावरनं ठरवलंस?"

"दुसरं काय असणार? एकुलता एक पोरगा." ती ठामपणे म्हणाली. "तुझं नाव आन साल. तेच असणार. माझंच बोट नीट पडत न्हाय."

तिचं बोट नीटच पडलं होतं. त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी वाचलं होतं. मोठं अक्षर, बारकं अक्षर, नाव, साल, बाबू. यंत्राला कुणाची भीड नसते. त्यानं एकेक करून सगळ्यांना नाही म्हटलं होतं. आप्पांच्या पासवर्डात त्यांचा पोरगा नव्हता. हे तिच्या तोंडावर फेकावं, असं त्याला फार वाटलं. इतकी वर्षं जे तो म्हणत आला त्याचा पुरावा आत पडद्यावर पडला होता.

तो वळला आणि आत गेला.

खुर्चीत बसून त्यानं आप्पांच्या फोटोकडं पहिल्यांदा सरळ बघितलं. पासवर्ड खुद्द यंत्रालाही वाचता येत नाही, ते फक्त जुळतो की नाही एवढंच सांगतं. वाचता येत नाही, पण बदलता येतो. आणि एकदा बदलला की जुना जो काही असेल तो कायमचा गेला. एखादा गणिती आकडा असेल, एखाद्या तीर्थंकराचं नाव असेल, आईचं नाव असेल. ते आता कुणालाच कधी कळणार नव्हतं.

"हेकट म्हातारा," तो पुटपुटला, आणि त्याचे डोळे भरून आले. त्याचाही त्याला रागच आला.

मग त्यानं हुकूम लिहिला. आप्पांची पेटी, नवा पासवर्ड : स्वतःचं नाव, बारक्या अक्षरात, पुढं जन्मसाल. घरावरची बंदी उठवली. मान वळवली तर सोनल दारातच उभी होती. तिनं पडदा वाचला होता. ती स्वयंपाकघरात गेली.

तो परसात आला आणि आईशेजारी पायरीवर टेकला.

"घाल आता. सावकाश. पयलं अक्षर बारकं. नाव, मग साल."

"तेच घातलंतं की मघाशी."

"मघाशी दार बंद हुतं."

तिनं एकेक अक्षर दाबलं. मध्ये एकदा चुकली, पुसून पुन्हा घातलं. वर्तुळ फिरत राहिलं आणि मग पेटी उघडली. ओळीखाली ओळ, आप्पांची सारी पत्रं.

आईला नवल वाटलं नाही. तिनं फक्त फोन त्याच्यासमोर धरला.

"बघ. मी म्हणत न्हवतो?"

"व्हय."

"तुझंच नाव हुतं. उगंच इतकी वर्सं डोक्यात राख घालून बसलास."

त्यानं पडद्यावरच्या ओळींवरून नजर फिरवली.

"व्हय आई. चुकलं माझं."

"जा आता आत. तुझ्याम्होरं मला लिवाय येत न्हाय."

तो आत गेला. ऊन अजून समोरच्या तंबाखूच्या वखारीच्या पत्र्यावर होतं. सोनलनं आईचं ताट काढून ठेवलं होतं. मुगाची आमटी, भाकरी.

"मला बी वाढ," तो पाटावर बसत म्हणाला.

सोनलनं खिडकीतून बाहेर उजेड बघितला, मग त्याच्याकडं बघितलं. तिनं दुसरं ताट घेतलं.

"प्लग काढायचा हुता न्हवं?"

"जेवू दे."

खिशात फोन थरथरला. कुणाच्या पेटीतून आलं असणार, ते त्याला न बघता कळलं. त्यानं तो काढला नाही. भाकरी मोडली, आमटीत बुडवली, आणि घास हातात धरूनच म्हणाला,

"मघाशी उगंच वरडलो तुझ्यावर."

सोनल आमटीची वाटी भरत होती. ती थांबली नाही.

"तोंडानं सांगितलंसा," ती म्हणाली, "लई झालं."