माझा उजवा कोपरा

कोपरा चोरलात तुम्ही माझा. वरचा, उजवा. आणि चोरून वर म्हणालात, पान कसं मोकळं दिसतंय!

मी सहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकाचा दुसरा खंड बोलतोय. ब्रेलमधला. छापील पुस्तक दप्तरात सहज मावतं एवढंसं, पण तेच ठिपक्यांत उठवलं की चार जाडजूड खंड होतात. छापील एका पानाला माझी तीन पानं लागतात. म्हणून तर आमच्यात साधा नियम आहे : प्रत्येक पानावर दोन क्रमांक. खाली माझा स्वतःचा आणि वर उजव्या कोपऱ्यात छापील पुस्तकाचा. वर्गात बाई म्हणाल्या, "पान त्रेपन्न काढा," की बोट थेट त्या कोपऱ्यावर जावं. बस्स. यात कसलंही गूढ नाही.

माझा जन्म एका लांबट खोलीत झाला. ठिपके उठवणारं यंत्र दिवसभर खडखडायचं आणि खोलीतली माणसं एकमेकांशी ओरडूनच बोलायची. माझं कच्चं पहिलं पान तपासनीस काकांच्या हाताखाली गेलं. काकांना जन्मापासून दिसत नाही. तीस वर्षं ते बोटांनी चुका पकडताहेत. त्या पानावर माझा कोपरा होता. मला अजून आठवतो.

त्याच आठवड्यात नवे साहेब आले. त्यांनी मला खिडकीपाशी नेलं, मान तिरकी करून पाहिलं.

"एका पानावर दोन-दोन नंबर? मुलांचा गोंधळ उडेल. वरचा काढून टाका. पान कसं मोकळं, स्वच्छ दिसेल."

"दिसेल कुणाला, साहेब?" काका म्हणाले.

दारातला शिपाई फिस्सकन हसला. साहेबांना ब्रेलचं एक अक्षर येत नव्हतं, पण टोमणा बरोबर कळला. "नियम मला शिकवू नका," म्हणाले आणि केबिनमध्ये गेले. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याला खालचे काटे टोचत नाहीत.

मग वरचा क्रमांक काढलेल्या पानांवर काकांनी मान खाली घालून सही केली. साहेबांचा मला राग आहेच, पण त्या सहीचा जास्त आहे. साहेबांना कळत नव्हतं. काकांना कळत होतं.

मी ज्या मुलीकडे गेलो, तिची आई शिवणकाम करते. मुलगी साध्या शाळेत शिकते. डोळ्यांनी दिसत नाही अशी वर्गात ती एकटीच. पहिल्याच दिवशी बाई म्हणाल्या, "पान त्रेपन्न." तिचं बोट माझ्या वरच्या कोपऱ्यात गेलं. तिथे गुळगुळीत कागद. तिनं दोनदा चाचपलं. मग खालचा क्रमांक शोधून माझं त्रेपन्नावं पान उघडलं आणि खणखणीत आवाजात वाचायला लागली. सगळा वर्ग लोहचुंबकावर आणि ही जठरावर! पोरं बाक बडवून हसली.

"लक्ष कुठे असतं तुझं?" बाई म्हणाल्या. बाई वाईट नव्हत्या, घाईत होत्या. पण घाईतला अन्यायही अन्यायच.

असं रोज व्हायला लागलं. ती पान शोधून काढेपर्यंत धडा पुढे गेलेला असायचा. महिन्याभरात मुख्याध्यापिकांनी आईला बोलावलं.

"पोरगी हुशार आहे हो, पण वर्गाबरोबर चालत नाही. पंधरा दिवस बघू. नाहीतर तिला वसतिगृहाच्या शाळेत घाला. लांब आहे, पण तिथे तिच्यासारख्याच मुली असतात."

त्या रात्री आईचं मशीन गप्प होतं. आणि मी टेबलावर नुसता पडून. चूक माझ्या अंगावर, शिक्षा पोरीला!

मार्ग काढला तो बाकावरच्या शेजारणीनं. तिची बडबड बंद होत नाही म्हणून सगळे तिला रेडिओ म्हणतात. "तुझ्याकडे ती ब्रेल लिहायची पाटी आणि टोचणी आहे ना? मग आपणच टोचू नंबर. हाय काय नि नाय काय!"

दोन रविवार लागले. रेडिओ छापील पानाची पहिली ओळ वाचायची, मुलगी ती माझ्यात बोटांनी शोधायची. मग पान उलटं धरून, पाटी कोपऱ्यावर बसवून, एकेक ठिपका मागच्या बाजूनं टोचायची. उजवीकडून डावीकडे, म्हणजे पान सुलटं केलं की आकडा सरळ लागतो.

"हळू टोच गं, पुस्तकाला ताप येईल," रेडिओ म्हणाली.

"तू वाच गप. पुढचं पान."

सव्वीस छापील पानं, म्हणजे माझे अठ्ठ्याहत्तर कोपरे. शेवटी तिच्या बोटाला फोड आली. मला टोचलेलं दुखलं नाही. एका पगारदार ऑफिसचं काम एक अकरा वर्षांची पोर सुट्टीच्या दिवशी करतेय, हे दुखलं.

पंधराव्या दिवशी मुख्याध्यापिका वर्गात मागे येऊन उभ्या राहिल्या. "पान एकसष्ट," बाई म्हणाल्या. मुलीनं एकेका कोपऱ्यावरून बोट सरकवलं, थांबली, वाचायला लागली. बाकीच्यांची पानं अजून फडफडत होती. मुख्याध्यापिका निघून गेल्या. वसतिगृहाचा विषय परत निघाला नाही.

आणि मग तिसरा खंड आला. कोपरा गुळगुळीत.

आईनं मला पिशवीत घातलं आणि पोरीला घेऊन तडक इथे आली. सध्या मी माझ्या जन्माच्या खोलीत, काकांच्या टेबलावर आहे. शेजारी चौथ्या खंडाची कच्ची पानं सहीसाठी पडली आहेत.

साहेबांनी माझा कोपरा पाहिला आणि त्यांचा चेहरा उजळला. "अरे वा! स्वतः केलं? याला म्हणतात स्वावलंबन! हिचा एक छान फोटो लावू आपण."

"फोटो राहू द्या," आई म्हणाली. "तुमचं काम माझ्या पोरीनं केलंय. अजून किती रविवार करायचं, तेवढं सांगा."

काकांनी माझ्या कोपऱ्यावरून बोट फिरवलं. सावकाश, पान उलटून, परत फिरवलं. "एकोणसाठातला नऊ जरा तिरका आहे," ते म्हणाले. "पण एकही चूक नाही." मग त्यांनी चौथ्या खंडाची पानं साहेबांच्या दिशेनं सरकवली. "यावर मी सही करणार नाही. एकदा केली, तीच जास्त झाली."

"एका कोपऱ्यासाठी एवढं?" साहेब म्हणाले.

हो, एका कोपऱ्यासाठी. मला दया नको, कौतुक नको, माझ्यावर फिरणाऱ्या बोटांचं तर मुळीच नको. बोटांना फक्त जागा सापडू द्या. माझा आवाज त्या खोलीत कुणाला ऐकू गेला असता तर हेच ओरडून सांगितलं असतं.

पण त्याआधीच दारातला शिपाई चहाचा ट्रे सावरत म्हणाला, "साहेब, मग आपल्या दारांवरचे नंबर आणि पाट्यासुद्धा काढून टाकू का? व्हरांडा कसा मोकळा दिसेल."