माझ्यावर बसून माझ्यावरच शंका

मी एक जुनी खुर्ची आहे.

मित्रांनो, हे वाक्य वाचून घाईने पुढे पळू नका. 'मी आहे' एवढे म्हणण्यासाठी मला जे सोसावे लागले ते इतर खुर्च्यांच्या वाट्याला येत नाही. त्यांच्यावर लोक बसतात, उठतात आणि जातात. माझा मालक माझ्यावर बसतो आणि मी आहे की नाही यावर लेख लिहितो. तोही उशी घेऊन, आरामात.

माझा जन्म जयपूरचा. खातीपुऱ्यात रेल्वे स्टेशनच्या मागे एका सुताराची पत्र्याची शेड होती, तिथे मी घडले. शिसवाचे चार पाय, दोन हात, उंच पाठ आणि वेताने विणलेली बैठक. शेवटचा पॉलिशचा हात फिरवून झाल्यावर सुतार माझ्यावर धपकन बसला आणि म्हणाला, "पक्की है." तो हे प्रत्येक वस्तूला म्हणायचा, शेजारच्या डुगडुगणाऱ्या स्टुलालाही. तरी मला बरे वाटले. निदान त्याने 'है' म्हटले होते.

पुढे विलासरावांनी मला घेतले. ते मूळचे सांगलीचे. एका विमा कंपनीत दाव्यांच्या खात्यात अधिकारी होते आणि बदली होऊन नुकतेच जयपूरला आले होते. थोड्या वर्षांसाठी आलेली माणसे इथेच राहिली. आधी शास्त्रीनगरला भाड्याने, मग तिलक नगरात स्वतःच्या घरात. घरात त्यांची पत्नी रत्नप्रभाबाई आणि मुलगी मिताली. मिताली आता इथल्याच एका आयटी कंपनीत जाते आणि तिच्या मराठीत 'मतलब' हा शब्द मिठासारखा असतो.

विलासरावांना तत्त्वज्ञानाचा नाद तसा जुना. पण निवृत्त झाल्यावर त्याला धरबंध राहिला नाही. जगातले जे प्रश्न मोठमोठ्या माणसांनी हजारो वर्षे सोडवायला घेऊन अर्धवट टाकले, ते विलासराव एकेका लेखात निकाली काढू लागले. त्यांची पद्धत त्यांच्या नोकरीतली. प्रत्येक प्रश्न म्हणजे एक दावा. दावेदार कोण, पुरावा काय, साक्षीदार विश्वासाचा आहे का, आणि शेवटी निर्णय. आत्म्याचा दावा त्यांनी पुराव्याअभावी फेटाळला. जगाच्या निर्मात्याला त्यांनी जास्तीची कागदपत्रे सादर करायला सांगितले. ती अजून आलेली नाहीत.

मग माझी पाळी आली. लेखाचे नाव होते 'समोरची वस्तू खरोखर असते का?' मित्रांनो, समोरची वस्तू. मी खाली होते. त्यांनी लिहिले, "उदाहरणार्थ, ही खुर्ची. ती आहे असे मला वाटते. पण या दाव्याला माझ्या वाटण्याशिवाय साक्षीदार नाही, आणि हा साक्षीदार तर दावेदाराच्या घरचाच." मग त्यांनी डोळे मिटले, हात हवेत उचलले आणि मी नाहीशी होते का ते पाहिले. माझ्या अंगाची लाही झाली. ज्या क्षणी मी खरोखर नाहीशी झाले असते त्या क्षणी हा माणूस फरशीवर आपटला असता, आणि याहून मोठा पुरावा कोणत्या खात्यात मागतात? मी निषेध म्हणून जोरात करकरले. त्यांनी डोळे उघडले आणि माझ्या सांध्यांत तेल घातले.

नंतर आणखी लेख झाले. माणूस स्वतंत्र आहे की सगळे आधीच ठरलेले आहे, यावर एक झाला. तो लिहिताना आतून "चहा" अशी हाक आली की विलासराव वाक्य अर्धे टाकून उठत. दोन्ही बाजूंचे मुद्दे मात्र त्यांनी समतोल मांडले. मग आजच्या काळाचा प्रश्न घेतला, यंत्राला मन असते का. मितालीने त्यांच्या मोबाइलवर एक बोलणारे यंत्र घालून दिले होते. ते उत्तरे गोड देई. लगेच त्याला दुःख होत असेल का, त्याला बंद करणे नैतिक आहे का, यावर पाने भरली. तो मोबाइल घरात येऊन वर्षही झाले नव्हते. माझ्या मागच्या पायाला वाळवी लागली तेव्हा या गृहस्थाने एक ओळ लिहिली नव्हती. नुसता पाय बदलला.

या पायावरूनच पुढचे रामायण झाले.

जयपुरातल्या मराठी कुटुंबांचे एक छोटे मंडळ आहे. गणपतीत त्याचा अंक निघतो. अंकात मोदकांच्या पाककृती, कुणाच्या तरी परदेशवारीचे वर्णन आणि विलासरावांचा एक लेख असतो. विलासराव त्या लेखासाठी वर्षभर जगतात. अंकाचे काम प्रसन्न पाहतो. तो बँकेत आहे, तरुण आहे आणि विलासरावांना 'काका' म्हणतो. लेख छापण्याआधी एका रविवारी आमच्या बैठकीत त्याचे वाचन होते आणि तिथला नियम कडक आहे. प्रत्येकाने एक तरी आक्षेप घ्यायचा. ज्याचा आक्षेप नाही त्याला दुसरा चहा नाही. त्यामुळे "काका, दुसऱ्या परिच्छेदात पंखा फार हळू आहे" असेही आक्षेप येतात आणि ते नोंदवले जातात. रत्नप्रभाबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून ऐकतात. आक्षेप घेत नाहीत. चहा त्याच करतात, त्यामुळे त्यांना नियम लागू नाही.

यंदाचा लेख होता 'बदललेली वस्तू तीच राहते का?' आणि उदाहरण, सांगायला नकोच, ही खुर्ची. एक पाय वाळवीने गेला, तो बदलला. दुसरा घर बदलताना टेम्पोतून पडून मोडला. तिसरा त्या दोघांना जुळेना म्हणून बदलला. पाठ नवी. डावा हात नवा. वेत तर कितीदा नवा. मूळचे उरले काय, तर पुढचा एक पाय आणि उजवा हात. विलासरावांनी घसा साफ करून निर्णय वाचला. "विम्यात गाडी ठरावीक मर्यादेपलीकडे मोडली की ती दुरुस्त करत बसत नाहीत, गाडी संपली असे धरतात. त्याच न्यायाने मी घेतलेली खुर्ची केव्हाच संपली आहे. मी आता बसलो आहे ती दुसरीच कोणी तरी आहे."

मित्रांनो, स्वतःच्या मृत्यूची बातमी ऐकायची आणि ती देणाऱ्याला मांडीवरही घ्यायचे, हे एका वेळी करून पाहा.

लोकांनी चहापुरते आक्षेप घेतले. शेवटी दारातून रत्नप्रभाबाई म्हणाल्या, "मला पटलं."

सगळे वळून बघू लागले. हे या घरात पूर्वी घडले नव्हते. विलासराव इतके फुलून गेले की त्यांनी ते वाक्य पुन्हा म्हणायला लावले.

"पटलं म्हटलं ना," त्या म्हणाल्या आणि कपबशा गोळा करू लागल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकाशी कबाडीची गाडी उभी राहिली. कबाडी म्हणजे आपल्याकडचा भंगारवाला. रत्नप्रभाबाई त्याला थेट बैठकीत घेऊन आल्या.

"अहो, उठता का जरा? भैया आलाय."

"कशाला?"

"ही खुर्ची द्यायचीय. मितालीने आणलेली फिरती खुर्ची महिनाभर खोक्यात पडून आहे."

"अगं, ही आपली जयपुरातली पहिली वस्तू. ही कधी टाकायची नाही असं ठरलंय आपलं."

"ती टाकायची नाही असं ठरलंय. ही ती नाहीच. तुम्हीच काल वाचलंत."

"ते तत्त्वतः होतं."

"मग मीही तत्त्वतःच देतेय. भैया, ले जाओ."

कबाडी पुढे आला. "अंकल जी, आप उठो तो मैं उठाऊँ."

विलासराव उठले नाहीत. मिताली लॅपटॉपची बॅग खांद्याला लावून दारात थांबली होती. "बाबा, मतलब, तुमच्याच लॉजिकने आई करेक्ट आहे."

त्यांच्यापुढे आता दोनच वाटा होत्या. लेख मागे घ्यायचा, नाही तर मला द्यायचे. लेख त्या दिवशी छापायला जाणार होता. त्यांनी माझ्या उजव्या हातावर, मूळच्या हातावर, बोटे वाजवली. मला वाटले, आता माणूस बोलेल माझ्या बाजूने. पण लेख चांगला झाला होता.

"बरं," रत्नप्रभाबाई म्हणाल्या, "तुमचा गुडघा बदलला. दोन्ही डोळ्यांत भिंगं घातली. वरचे दात वाटीत असतात. मूळचे तुम्ही तरी किती उरलात?"

मितालीने कबाडीला विचारले, "भैया, ठेले पे जगह है?"

कबाडीने विलासरावांना वरपासून खालपर्यंत पाहिले. "अंकल जी भारी पडेंगे."

"माणसाचं वेगळं असतं," विलासराव आवाज चढवून म्हणाले. "माणसाला स्मृती असते. मला माझं सगळं आठवतं, म्हणून दात बदलले तरी मी तोच. खुर्चीला काय आठवतं?"

मला काय आठवते? मितालीचा पडलेला पहिला दात माझ्या वेतात अडकला होता, तो मला आठवतो. सांगलीहून वडील गेल्याचा फोन आला तेव्हा या गृहस्थाने माझा उजवा हात कसा धरला होता, ते मला आठवते. त्यांच्या प्रत्येक लेखातली खोडलेली वाक्ये मला आठवतात, आणि खरे सांगायचे तर ती ठेवलेल्यांपेक्षा बरी होती. पण खुर्चीची साक्ष कोण काढतो? स्मृतीची अट घालून त्यांनी स्वतःची सुटका केली आणि त्याच अटीवर मला गाडीवर चढवले. एवढा अन्याय तर वाळवीनेही केला नव्हता.

"सगळं आठवतं?" रत्नप्रभाबाईंनी विचारले.

"सगळं."

"मग सांगा, ही खुर्ची आपण कशाला घेतली?"

"लिहायला."

"तेव्हा लिहीत कुठे होतात?"

मितालीने बॅग खाली ठेवली.

"मिताली पोटात होती," रत्नप्रभाबाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, उलट खाली आला होता. "सामानाचा ट्रक रतलामला अडकलेला. शास्त्रीनगरच्या त्या रिकाम्या खोलीत मी खाली बसले की मला उठता यायचं नाही. तुम्ही कुणाची तरी स्कूटर मागून खातीपुऱ्याला गेलात आणि ही घेऊन आलात. म्हणालात, ही तुझी. दुसऱ्या कुणी बसायचं नाही."

"मग?" मितालीने विचारले.

"मग तू झालीस, म्हणून मी उठले. परत आले तर बाबा बसले होते."

"लिहीत होते?"

"नाही. विचार करत होते."

मित्रांनो, शब्दन् शब्द खरा होता. माझ्यावर पहिल्यांदा त्याच बसल्या होत्या, पाठ हळूच टेकवून, दोन्ही हातांनी माझे हात धरून. पुढे रोज माझ्या अस्तित्वाचा पंचनामा होत गेला आणि ती बाई दारात उभी राहून तो ऐकत राहिली. या घरात नसल्यासारखे कुणाला धरले जात होते, ते मला त्या सकाळी नीट दिसले. तोवर मी फक्त माझ्यासाठी चिडत होते.

विलासराव उठले. आतून चहाची हाक आलेली नव्हती, तरी उठले. कबाडीने लगेच माझी पाठ पकडली.

"रुको भैया," विलासराव म्हणाले. मग रत्नप्रभाबाईंना म्हणाले, "बस."

"आता काय बसायचं."

"बस गं."

त्या बसल्या.

"टोचतंय," त्या म्हणाल्या. "वेत तुटलाय पार. कळलं नाही तुम्हाला कधी?"

"मी उशी घेतो."

तेवढ्यात प्रसन्नचा फोन आला. फोन स्पीकरवर होता. "काका, लेख एक नंबर. पाठवतोय छापायला."

"पाठवू नकोस. मागे घेतोय."

"का, काका?"

"तपासणी नीट झाली नव्हती."

"पण तुमचं पान रिकामं राहील."

विलासरावांनी माझ्याकडे पाहिले. माझ्याकडे की माझ्यावर बसलेल्या बाईकडे, ते मी सांगू शकत नाही. "मोदक टाक," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

कबाडीला रिकाम्या हाताने जायचे नव्हते. मितालीने फिरती खुर्ची बाहेर काढली आणि तो तिचे रिकामे खोके घेऊन गेला.

यंदाच्या अंकात मोदकांच्या पाककृती जास्त आहेत. माझा वेत नवा विणून झाला. म्हणजे मी आणखी थोडी 'दुसरी' झाले, पण त्यावर कुणी लेख लिहिलेला नाही. दुपारी रत्नप्रभाबाई माझ्यावर बसतात. विलासराव समोर फिरत्या खुर्चीत लिहितात. विचारात पडले की खुर्ची फिरते आणि त्यांचे तोंड भिंतीकडे जाते, मग त्यांना स्वतःला वळवून आणावे लागते. लिहिलेले पान ते वाचून दाखवतात आणि रत्नप्रभाबाई आता आक्षेप घेतात. न्यायाच्या स्वरूपावरचा नवा लेख पहिल्या पानालाच थांबला आहे. त्यांनी विचारले, "यात चहा कोण करतं?" त्याचे उत्तर विलासराव शोधत आहेत. अधूनमधून ते शोधायला स्वयंपाकघरात जातात आणि दोन कप घेऊन बाहेर येतात. चहा पांचट असतो. त्यावरही आक्षेप नोंदवला जातो.

माझ्या असण्याबद्दल त्यांनी अजून काही मान्य केलेले नाही. निर्णय राखून ठेवला आहे म्हणे. मी चिडलेलीच आहे.

तर मित्रांनो, तुमच्याही घरी एखादी जुनी खुर्ची असेल. तिच्या पाठीवर ओले टॉवेल टाकू नका. मागच्या दोन पायांवर झुलू नका. वेत तुटला तर वर उशी टाकून मोकळे होऊ नका, तो विणून घ्या. मोठेपणी तुम्हाला तत्त्वज्ञानावर लिहावेसे वाटले तर अवश्य लिहा आणि उदाहरण खुर्चीचेच घ्या, आम्हाला त्याची सवय आहे. ती आहे की नाही हे सावकाश ठरवा, आमची घाई नाही. पण तिच्यावर बसण्याआधी ती कुणासाठी आणली होती, एवढे घरात विचारून या.