पंगत उठेपर्यंत

उदाजीरावांनी आपला ट्रक अंगणात आणून उभा केला, इंजिन बंद केले, आणि जरा मागे घ्यायला हवा म्हणून पुन्हा चालू केले. एका सेल्फमध्ये चालू झाला. स्वयंपाकघराच्या खिडकीशी वडे तळत असलेल्या प्रियांकाने तो आवाज ऐकला आणि तिचा हात कढईवर तसाच थांबला.

तिच्या या धाकट्या दिराचा ट्रक ढकलल्याशिवाय सुरू होत नाही, हे धारपासून धामनोदपर्यंत सगळ्या भाऊबंदांना ठाऊक होते. नवी बॅटरी घ्यायची म्हटले की हा माणूस विषयच बदलायचा. धामनोदच्या घरी तो गाडी कायम उतारावर लावायचा, सकाळी ब्रेक सोडून गडगडत खाली आणायचा आणि चालू झाली की मिशीवरून हात फिरवायचा, जशी काही गाडी त्यानेच जन्माला घातली होती. तो आज सपाट अंगणात इंजिन बंद करून खाली उतरला होता.

आज प्रियांकाच्या नवऱ्याचे, राजवीरचे, वर्षश्राद्ध होते. तो गेला तेव्हा प्रियांकाजवळ मागे राहिला तो त्याचा ट्रक. ड्रायव्हर ठेवायचा, मनावर गावचा कापूस वाहायचा आणि कुणापुढे हात न पसरता जगायचे, असा तिचा बेत होता. पण महिन्यातच ट्रक मेला. किल्ली फिरवली की नुसता 'टक' आवाज. उदाजीरावांनी स्वतः मिस्त्री आणला. मिस्त्रीने आत डोके घातले, बाहेर काढले आणि सांगितले, "भाभी, इंजिन गया. भंगार समझो." उदाजीरावांनी डोळे पुसले होते म्हणे! मग कुळातले थोरले, गणोजी काकासाहेब, यांनी निवाडा केला: वर्षश्राद्धापर्यंत ट्रक चालू झाला तर तो सूनबाईचा, नाही झाला तर उदाजी ओढून नेईल. म्हणून तर आज उदाजीराव जेवायला येताना ओढायची साखळी घेऊन आले होते.

"मालन," प्रियांकाने बहिणीला हाक मारली. मालन देवासहून खास या दिवसासाठी आली होती. "पंगत तू वाढ. मी बाहेर आहे."

"ताई, आज? श्राद्धाच्या दिवशी तू बाहेर काय करणार?"

"काकासाहेबांना उठू देऊ नकोस. खीर वाढत राहा."

या घराण्यात एक रीत अशी होती, की पंगतीतला सर्वांत थोरला हात धुवायला उठल्याशिवाय कुणी पाट सोडायचा नाही. आणि या रीतीचा सगळ्यांत मोठा कैवारी कोण, तर उदाजीराव. गेल्या दिवाळीत फोन आला म्हणून उठलेल्या पोरसवदा पुतण्याला त्यांनी पंगतीत सर्वांदेखत झाडले होते. काकासाहेबांच्या तोंडात आता दात नव्हते. वडा ते कढीत बुडवायचे, मऊ होईपर्यंत वाट बघायचे, आणि तेवढ्या वेळात राजाच्या जमान्यातली एखादी गोष्ट सांगायचे.

पाने मांडली गेली. "चित्राहुती घाला," असा आवाज आला, तशी प्रियांका पाना आणि पक्कड घेऊन मागच्या दाराने अंगणात उतरली.

आधी तिने उदाजीरावांच्या ट्रकच्या बाजूची पेटी उघडली. आत दोन बॅटऱ्या शेजारीशेजारी, आणि दोन्हींच्या कड्यांना जांभळ्या काठाची वेणी घातलेली. तिच्या जुन्या महेश्वरी साडीचा काठ! जाण्याच्या थोडे दिवस आधी राजवीरने याच अंगणात नवी जोडी बसवली होती. उचलायला दोर हवा म्हणून त्याने तिची फाटलेली साडी मागून घेतली होती. ती पाना धरून बसली होती आणि तो शिकवत होता, "काढताना आधी मायनस, लावताना मायनस शेवटी. हे विसरलीस तर ठिणगी उडेल." चोराला तो काठ सोडून टाकायचेही सुचले नव्हते. उचलायला सोयीचा होता ना!

मग तिने आपल्या ट्रकची पेटी उघडली. तिथे उदाजीरावांच्या जुन्या, पांढरी बुरशी धरलेल्या, मेलेल्या बॅटऱ्या बसल्या होत्या. इंजिनला काही म्हणजे काही झालेले नव्हते.

तिच्या डोक्यात रक्त चढले. तिने पाना घट्ट धरला. आत जाऊन पंगतीत ओरडावे, असे एक क्षण वाटले. पण ओरडले की माणसे समजूत घालायला लागतात, आणि तिला आज समजूत नको होती.

गॅसचे सिलिंडर सरकवायची चाकांची गाडी तिने आणली. एकेक बॅटरी पेटीच्या काठावर ओढायची, गुडघा लावायचा, गाडीवर उतरवायची. कंबर मोडली, पदर फाटला, नखाखाली काळे गेले. पाना एकदा पेटीवर खणकन आपटला.

आत उदाजीरावांनी कान टवकारले. "बाहेर काय वाजतंय?"

"मांजर असेल," मालन म्हणाली. "काकासाहेब, अजून एक डाव खीर? राजवीर भावजींना फार आवडायची."

"त्याच्या नावाने वाढ मग," काकासाहेब म्हणाले आणि त्यांनी वाटी पुढे केली. उदाजीराव पाटावर चुळबुळले, अर्धे उठले, काकासाहेबांनी नुसते वळून पाहिले तसे पुन्हा बसले.

प्रियांकाने चांगली जोडी आपल्या ट्रकमध्ये बसवली. मेलेली जोडी दिराच्या पेटीत ठेवली, तारा पुसून लावल्या, नट पक्के आवळले. कामात कसूर तिने केली नाही.

पुरुष हात पुसत बाहेर आले तेव्हा ती ओट्यावर उभी होती.

"चला वहिनीसाहेब," उदाजीराव साखळी उचलत म्हणाले, "वाईट वाटून घेऊ नका. दादाच गेला, तिथं गाडीचं काय!"

"काकासाहेब, नेण्याआधी एकदा सेल्फ मारून बघते."

"बघा की," उदाजीराव हसले. "मनाचं समाधान."

ती वर चढली आणि किल्ली फिरवली. ट्रक गरजला. नळीतून काळा धूर निघाला आणि तुळशीवरच्या चिमण्या उडाल्या. उदाजीरावांच्या हातातली साखळी पायावर पडली. पुढच्याच क्षणी ते धावत आपल्या ट्रकमध्ये चढले.

टक. टक. टक.

प्रियांकाने खाली उतरून आपल्या ट्रकच्या पेटीचे झाकण काकासाहेबांसमोर उघडले. म्हाताऱ्याने वाकून तो जांभळा काठ बोटांत धरला. ही साडी त्यांच्याच बायकोने प्रियांकाला लग्नात नेसवली होती. "या बॅटऱ्या मी आत्ता उदाजीरावांच्या गाडीतून काढल्या," प्रियांका म्हणाली.

"उदाजी, खाली उतर," काकासाहेब म्हणाले. उदाजीराव उतरले. मान वर होत नव्हती. "सूनबाई, गाडी तुझी. आता घरातली गोष्ट घरात राहू दे. तुझ्या गाडीने ओढून त्याची चालू करून दे, आणि माफ कर त्याला. आजचा दिवस तसा आहे."

"नाही, काकासाहेब."

"सूनबाई..."

"गाडी चोरली, ते मी सोडलंही असतं. पण वर्षभर मी रोज त्यांच्या फोटोसमोर उभी राहून त्यांना शिव्या दिल्या. म्हटलं, स्वतः सुटलात आणि माझ्या गळ्यात भंगार बांधून गेलात. मेलेल्या माणसाला मी बोल लावले, या माणसापायी. ते आता मी कुणापाशी जाऊन परत घेऊ?"

काकासाहेबांनी पेटीचे झाकण लावले. पंगतीतले बाकीचे लोक चपला शोधायला लागले. ट्रकला हात लावायला एकही माणूस पुढे झाला नाही.

प्रियांका आत गेली. कोपरापर्यंत हात धुतले. मालनने दोघींची पाने मांडली होती. बाहेर उदाजीराव पुन्हा किल्ली फिरवत होते, टक, टक, आणि मधूनच कुणाला तरी भाऊ म्हणून हाक मारत होते, "भिया, जरा धक्का मारो ना!"

"ताई, दार लावू?" मालनने विचारले.

"राहू दे उघडं," प्रियांका म्हणाली. "आणि मला वडा वाढ. दोन वाढ."