पोस्टरवरचा वेल्डर

वेल्डर काही महिन्यांपासून घरी बसला होता, आणि घरी बसलेल्या नवऱ्याला काय काय ऐकावं लागतं ते वेगळं सांगायला नको. तसा तो एकटा नव्हता. कारखान्यात मंदी आली तेव्हा साहेबांनी आधी वेल्डिंगची शेड बंद केली. आणि त्या शेडमध्ये होतं कोण? योगायोग बघा, सगळे नदीपलीकडचे! रंगाने काळे, बोलण्याचा हेल वेगळा, म्हणून भरतीच्या वेळीच धगीकडे ढकललेले. ऑफिसातल्या खुर्च्यांवर मात्र मंदी बसलीच नाही.

अशात कारखान्यातून फोन आला. "उद्या या. युनिफॉर्म घालून या."

बायकोने युनिफॉर्म धुतला, इस्त्री केली, डबा भरला. "अहो, आता कुणाशी वाद घालू नका," एवढंच म्हणाली.

गेटवर मॅनेजरने हसून हाक मारली, ती त्याच शेडमधल्या मेहुण्याच्या नावाने. इतकी वर्षं हेच चाललं होतं.

"साहेब, तो माझा मेहुणा. तो उंच आहे, मी बुटका."

"हो हो, तेच ते."

आत फोटोग्राफर तयार होता. वेल्डरला एका बंद मशीनजवळ उभं केलं आणि हातात वेल्डिंगची टॉर्च दिली. तिची वायर कुठेच जोडलेली नव्हती. शेजारी दोन गोरेपान कारकून कामगारांच्या टोप्या घालून उभे राहिले.

"हसा!" तो हसला. मग त्याने विचारलं, "साहेब, कामाचं?"

"जागा निघाली की कळवू."

भरलेला डबा घरी न्यायची हिंमत नव्हती. त्याने तो पुलावर बसून संपवला. घास गिळताना त्याला स्वतःचीच लाज वाटली.

थोड्याच दिवसांत भिंतीभिंतीवर पोस्टर लागलं: 'आमच्याकडे सर्वांना काम!' मधोमध वेल्डर, बत्तीशी दाखवत. मग वस्ती दाराशी लोटली. "मामा, माझ्या भाच्याचं बघा की, आता तुमची वट आहे!" खरं सांगितलं तर कुणाला पटेना. मेहुण्याने तर बोलणंच टाकलं. स्वतः चिकटला आणि आम्हाला विसरला, असं तो सगळ्यांना सांगत सुटला.

तेवढ्यात कळलं, गोदीत वेल्डर हवाय, आणि नावं रोजगार कचेरीत घेताहेत. वेल्डर धावत गेला. खिडकीतल्या बाईंनी त्याच्याकडे पाहिलं, मग मागच्या भिंतीकडे. तिथेही तेच पोस्टर! आयुष्यात पहिल्यांदा कुणी त्याला अचूक ओळखलं, तेही नेमकं आजच.

"तुम्ही तर कामावर आहात. ही जागा बेकारांसाठी आहे."

"बाई, त्यांनी नुसता फोटो काढला आणि घरी पाठवलं."

"असं कुठे असतं का? एवढी मोठी कंपनी खोटं बोलेल?"

आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना! मागची रांग कुरकुरायला लागली. वेल्डरच्या डोक्यात तिडीक गेली.

"बरं, तो मी नाहीच. दुसराच कुणीतरी आहे," तो ओरडला. "नाहीतरी आम्ही सगळे तुम्हाला सारखेच दिसतो ना?"

बाईंनी पुन्हा पोस्टर पाहिलं, पुन्हा त्याला पाहिलं, आणि त्या जराशा ओशाळल्या.

"हो, तेही खरंच," म्हणाल्या, आणि त्यांनी त्याचं नाव लिहून घेतलं.