सैल मान

"सैल सोड रे मान."

"सोडली हाय. तू मोड."

धसईच्या बाजारात कुंडलिक न्हाव्याच्या खुर्चीत बसलेला राघो डोळे मिटूनच बोलला. दाढी झाली होती, आता मान मोडायची. गिरणीत भाताची पोती उचलून राघोची मान सारखी धरायची, आणि ती मोकळी करावी तर कुंडलिकनेच. कानामागून गळ्याखालच्या आडव्या हाडापर्यंत उतरणारा जाड स्नायू, बाजूला उडणारी शीर, खांद्याकडे जाणारे ताठ दोर. सगळं बापाने त्याच्या बोटांना शिकवलं होतं. माणूस तोंडाने काय वाटेल ते बोलो, मान खोटं बोलत नाही, असं कुंडलिक म्हणायचा. भरवसा नसला की ती ताठते. राघोइतकी सैल मान गावात दुसरी नव्हती.

डावीकडे कट् झालं. उजवीकडे कट् झालं.

"लय भारी!" म्हणत राघो उठला आणि हसत हसतच भिंतीवर कलंडला. "घर फिरतंय रे," एवढं कळलं. पुढचं बोबडं झालं.

जीपने मुरबाड, तिथून कल्याण. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि कुंडलिकला बाजूला नेलं. "मानेच्या मणक्यांना भोकं असतात. त्यांतून दोन रक्तवाहिन्या मेंदूकडे जातात. मान पिळल्यावर एकीचं अस्तर फाटलं, रक्ताची गुठळी झाली, ती मेंदूत गेली."

"पण बाई, शिरेला मी हात नाय लावला."

"ही हाताला लागत नाही. हाडाच्या आत असते. असं क्वचितच होतं."

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. पोरवयापासून तो माना हाताळत आला होता, आणि आत काय आहे ते त्याला आज कळत होतं, तेही दोस्ताच्या जिवावर. राघो त्यातून उठला नाही.

राघोच्या मागे बायको रंभा होती, मूलबाळ नव्हतं. क्रियेला धाकटा भाऊ भगीरथ बसला. दहाव्याला त्याची डोई करायची होती, आणि त्या घरचं हे काम आजोबापासून कुंडलिकच्या घराकडे होतं. मुरबाडहून दुसरा न्हावी आणला, तर गावाने काय ते समजायचं! कुंडलिक दुकान बंद ठेवून दाराकडे डोळे लावून बसला.

शेवटी भगीरथच आला. "उद्या नदीवर ये, दादा. रंभावहिनी बोलली, आमच्या घरचा न्हावी तूच."

कुंडलिक ढसाढसा रडला.

सकाळी नदीकाठी भगीरथ पाटावर बसला. "तुझ्यावर राग नाय रे आमचा," तो हळूच म्हणाला. "त्याचं आयुष्यच तेवढं."

कुंडलिकने त्याचं डोकं भिजवलं. पुढची डोई झाली. मग मागचे केस काढायला त्याने डावा हात मानेवर ठेवला, आणि तळव्याखाली दोन्ही बाजूंचे स्नायू लाकडासारखे ताठले.

"सैल सोड जरा," तो सवयीने बोलून गेला.

"सोडतो."

भगीरथने खरंच खूप प्रयत्न केला. त्याला घाम फुटला, पण मान काही सैल होईना.

कुंडलिकने हात काढून घेतला. तो ओल्या वाळूत गुडघे टेकून बसला आणि मानेला बोटही न लावता त्याने उरलेली डोई केली.