घर कुणाचं ते बारा जण सांगतील

घर विकत घ्यायला आम्हाला चौदा महिने लागले. त्यातले नऊ कागदांनी खाल्ले आणि पाच मी. हे आज सांगते आहे. तेव्हा कुणी विचारलं असतं तर काझींच्या कचेरीपासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांच्या नावाने खडे फोडले असते. पण विचारणार कोण? मोरोक्कोतल्या अझमूरच्या आमच्या गल्लीत सगळ्यांना वाटत होतं की घर आमचंच आहे. आम्ही चौतीस वर्षं तिथे भाड्याने राहत होतो, आणि ही गोष्ट मी, माझा नवरा बुशैब आणि कॅसाब्लांकात राहणारी मालकीणबाई सोडून कुणालाही माहीत नव्हती.

खोटं माझंच. लग्न होऊन आले आणि तिसऱ्या दिवशी पावाच्या गोळ्यांची फळी घेऊन गल्लीच्या भट्टीवर गेले. तिथे समोरच्या घरातली मिलूदा उभी होती. तिने मला खालपासून वरपर्यंत बघितलं आणि विचारलं, "हाज लर्बींच्या घरात आलात ना? भाड्याने का?"

"छे," मी म्हणाले. "यांच्या मामांनी विकत घेतलं हाज लर्बींकडून. मामांना मूलबाळ नाही, म्हणून आम्हाला दिलं."

कुठला मामा आणि कुठलं काय. पण माझं सगळं लहानपण दुसऱ्याच्या घरातल्या एका खोलीत गेलं होतं. मालकाची सून गच्चीवरच्या दोरीवरून माझ्या आईचे ओले कपडे ओढून खाली टाकायची, आणि आई ते मुकाट्याने उचलून पुन्हा धुवायची. भाडेकरू हा शब्द ऐकला की माझ्या अंगाची आग व्हायची. म्हणून बोलून गेले. एकदा बोलले म्हणजे निभावणं आलंच. मालकीणबाई वर्षातून एकदा घर बघायला यायच्या, त्यांना मी गल्लीत बुशैबची लांबची आत्या करून टाकलं होतं.

या मालकीणबाई म्हणजे हाज लर्बींची मुलगी, लल्ला खनाता. वडील गेले, फ्रान्सला गेलेला भाऊही तिकडेच वारला. पंचाहत्तरी उलटल्यावर एक दिवस त्या म्हणाल्या, "यामना, आता माझ्याने हे घर सांभाळणं होत नाही. एक डॉक्टर मागे लागलाय, त्याला तिथे पाहुण्यांसाठी हॉटेल करायचंय. पण तुझ्या दोन मुलींची लग्नं त्या अंगणात झालीत. तू घेतेस तर आधी तुला."

बुशैब फॉस्फेटच्या बंदरावरून निवृत्त झाला होता, हातात रक्कम होती. भाव ठरला, सौदा पक्का म्हणून फातिहा पढून झाली. मला वाटलं, महिनाभरात होईल.

महिनाभरात भावाच्या मृत्यूचा दाखलाही आला नाही. त्यालाच चार महिने लागले. तो आला तेव्हा लल्ला खनातांच्या ओळखपत्राची मुदत संपलेली. ते नवं झालं तर काझी रजेवर. काझी आले तर हाज लर्बींचा जुना दस्त सापडेना, आणि कचेरीतल्या वहीत शोधायचा तर ती वही बांधायला गेलेली. वही बांधायला इतके दिवस लागतात हे मला तेव्हा कळलं. दुसऱ्या एखादीने भट्टीवर उभं राहून रोज मन मोकळं केलं असतं. मला तीही सोय नव्हती. आपल्याच घराच्या खरेदीचं रडगाणं कुणापुढे गाणार? तोंड दाबून बुक्क्यांचा मार. सगळा राग बुशैबवर निघायचा. तो बिचारा टोपी घालायचा आणि नदीवर जाऊन बसायचा.

नवव्या महिन्यात दस्त लिहिणारे अदूल, सी मफद्दल, यांनी आम्हाला बोलावलं. म्हणाले, "जुना दस्त काही मिळत नाही. आता एकच रस्ता. बारा साक्षीदार."

"कसले साक्षीदार?" मी विचारलं.

"तुमच्या गल्लीतले जुने बारा पुरुष. घर हाज लर्बींचं, त्यांनी ते कधी कुणाला विकलं नाही, आता त्यांच्या मुलीचं आहे आणि तुम्ही तिचे भाडेकरू, एवढं त्यांनी माझ्यासमोर सांगायचं. मी लिहून काझींकडे पाठवतो. सगळ्यात सोपं काम तेच आहे."

घर आपलं व्हायला हवं असेल तर आधी ते आपलं नव्हतं हे बारा घरांना सांगा. म्हणजे त्यांच्या बारा बायकांनाही.

तिथून पुढचे पाच महिने मी खाल्ले. सी मफद्दल निरोप पाठवायचे आणि मी कारणं. पुरुष ऑलिव्हच्या तोडणीला गेलेत. हा न्हावी पायाने अधू, त्याला जिना चढवत नाही. गल्लीत मयत झालंय, आता कसं विचारायचं. लल्ला खनाता फोन करायच्या, "अगं, तुझे अदूल झोपलेत की काय?" आणि मी म्हणायची, "काय सांगू लल्ला, त्यांचं काम म्हणजे असंच." देवा, काय म्हणून मी त्या भल्या माणसाच्या डोक्यावर खापर फोडलं.

शेवटी बुशैबचाच धीर सुटला. मी धाकटीच्या बाळंतपणाला गेले होते, तेव्हा त्याने परस्पर बारा जण गोळा केले. हा माणूस आयुष्यात चार वाक्यं सलग बोललेला नाही. त्याने दारोदार जाऊन फक्त इतकंच सांगितलं, "घराची साक्ष द्यायचीय, चला." कुणी विचारलं नाही कसली साक्ष. शेजाऱ्याला गरज आहे म्हटल्यावर सगळे धुतलेले जल्लाबे घालून निघाले. सी मफद्दलांनी विचारलं, घर कुणाचं? आणि बारांच्या बारा जणांनी हात वर करून सांगितलं की घर बुशैबचं. मामाकडून आलेलं. चौतीस वर्षं तोच मालक, दुसऱ्या कुणाचा काही संबंध नाही.

"आणि तू काय करत होतास?" परत आल्यावर मी बुशैबला विचारलं.

"मला बोलायला जागाच नाही मिळाली," तो म्हणाला. "प्रत्येक जण इतकं चांगलं बोलत होता."

लल्ला खनातांच्या दिराचा मुलगा तिथे त्यांच्या वतीने बसला होता. संध्याकाळपर्यंत बातमी कॅसाब्लांकाला पोचली आणि फोन आला. त्या ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "यामना, मी तुला घर विकत होते. तू ते बारा माणसांच्या तोंडून काढून घेतलंस." आणि फोन ठेवला. मग त्या पुतण्याचा निरोप आला की प्रकरण न्यायालयात जाईल, आणि तुम्ही सामान बांधायला लागा.

बुशैब म्हणाला, "भाड्याचा कागद कधी झालेलाच नाही. बारा जण आपल्या बाजूने आहेत. खटला चालला तर दहा वर्षं चालेल. तोवर आपण इथेच. कदाचित नंतरही."

मी खोटं सांगणार नाही, दोन दिवस मी तो विचार केला. घर फुकटात, आणि गल्लीत मान शाबूत. दोन दिवस मला ते बरं वाटलं.

तिसऱ्या दिवशी भट्टीवर मिलूदा भेटली. खुशीत होती. "आमचे तर नमाजाला धुतात तसे हातपाय धुऊन, वुजू करून गेले होते तुझ्या साक्षीला. म्हणाले, शेजाऱ्याच्या घराचा प्रश्न आहे, शपथेवर बोलायचंय."

मिलूदाचा नवरा अल्लाल मासे विकतो. मासे ताजे आहेत अशी शपथसुद्धा त्याने कधी घेतली नाही. गिऱ्हाईक म्हणालं, शपथ घे, तर म्हणतो, "कल्ले उघडून बघा आणि घ्यायचा तर घ्या." त्या माणसाने शपथ घेतली ती माझ्या थापेवर. मला तिथेच लाज वाटली, इतकी की पाव न भाजताच मी फळी घेऊन घरी आले.

सगळ्यात आधी कॅसाब्लांकाला गेले. लल्ला खनातांनी दार उघडलं, बसायला सांगितलं, चहा विचारला नाही. मी भट्टीपासून सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मी बुशैबची आत्या?"

"लांबची," मी म्हणाले.

त्यांचे ओठ जरा हलले, पण हसल्या नाहीत. "हा शाबान महिना संपेपर्यंत थांबते. तोवर त्याच बारा जणांनी खरं काय ते लिहून दिलं तर घर तुझं. नाही दिलं तर डॉक्टरचं. तोही वर्षभर थांबलाय आणि त्याने मला आत्या केलेलं नाही."

शाबान संपायला अकरा दिवस होते.

शुक्रवारी नमाजानंतर बाराही जणांना कुसकुस खायला बोलावलं. अंगणात तीन मोठी ताटं मांडली, आणि कुणी हात घालायच्या आत मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले. म्हणाले, "आधी ऐका, मग जेवा." आणि सांगितलं. मामा नव्हता. घर हाज लर्बींचं. आम्ही भाडेकरू, पहिल्या दिवसापासून. नजर फरशीवरून वर उचलवत नव्हती.

मग म्हातारा न्हावी म्हणाला, "म्हणजे इतकी वर्षं मी माझ्या मालकाच्या तक्रारी सांगायचो आणि तू म्हणायचीस, भाडेकरूंचे हाल तुम्हीच जाणता?"

"हो," मी म्हणाले.

"कमाल आहे तुझी," तो म्हणाला, आणि दोघेतिघे हसले.

अल्लाल हसला नाही. "सी मफद्दलांसमोर मी हात वर करून जे सांगितलं, ते खोटं होतं?"

"हो, सी अल्लाल."

तो उठला, दाराशी जाऊन चपला घातल्या आणि निघून गेला. बाकीच्यांनी कुसकुस खाल्ला, मागून घेऊन खाल्ला. दुसऱ्या दिवसापासून मिलूदा भट्टीवर माझ्याकडे पाठ करून उभी राहू लागली. गल्लीतल्या पोरीबाळींना माझं खोटं पाठ झालं, एकीने तर मला तोंडावर मामांची तब्येत विचारली. चौतीस वर्षांची कमाई होती ती.

शाबानचे तीन दिवस उरले तेव्हा सी मफद्दलांकडे सगळे जमले. लल्ला खनाता स्वतः आल्या होत्या, भिंतीला टेकून बसल्या होत्या. साक्षीदार अकरा. बारावा दुसरा आणावा तर गल्लीत हाज लर्बींना पाहिलेला पुरुष उरलाच नव्हता. बाकीचे एकतर पोरंसोरं, नाहीतर मागाहून राहायला आलेले.

अकरा जणांनी एकेक करून सांगितलं. हाज लर्बींना तिथे राहताना पाहिलंय, घर त्यांचं, ही माणसं भाडेकरू. प्रत्येक वेळी जोडीदार अदूल ते मोठ्याने वाचून दाखवायचे. भाडेकरू, भाडेकरू, भाडेकरू. मी ऐकत बसले. सी मफद्दल घड्याळ बघायला लागले तेव्हा दार उघडलं आणि अल्लाल आत आला. दुकान बंद करून, अंघोळ करून आला होता. माझ्याकडे बघितलंही नाही.

"घर कुणाचं?" सी मफद्दलांनी विचारलं.

"हाज लर्बींचं होतं. ते मी पाहिलंय."

"त्यांनी ते कधी कुणाला विकलं का?"

"ते मला माहीत नाही," अल्लाल म्हणाला. "आधी ही बाई म्हणाली विकलं. आता म्हणते विकलं नाही. मी दोन्ही वेळा फक्त तिचंच ऐकलंय."

बुशैबने माझा हात धरला. सी मफद्दलांनी लेखणी खाली ठेवली. "सी अल्लाल, मला असं लिहिता येत नाही. तुम्हाला खात्री आहे की नाही, तेवढं सांगा. नसेल तर घरी जा, कुणी तुम्हाला दोष देणार नाही."

अल्लालने दाराकडे बघितलं. लल्ला खनाता पुढे सरकून त्याच्याकडे बघत होत्या. मी मनात म्हटलं, गेलं. आणि खरं सांगते, त्याने नाही म्हटलं असतं तरी मी त्याला बोल लावला नसता.

मग पहिल्यांदाच त्याने माझ्याकडे बघितलं.

"पहिल्यांदा सांगितलं तेव्हा हिची मान वर होती," तो म्हणाला. "त्या शुक्रवारी मी हिचं तोंड पाहिलं. स्वतःच्या घरात उभं राहून, बारा शेजाऱ्यांपुढे मान खाली घालून कुणी खोटं बोलत नाही. मला खात्री आहे. लिहा."

"स्वतःच्या नव्हे," सी मफद्दल म्हणाले. "हाज लर्बींच्या घरात."

"तेच ते," अल्लाल म्हणाला. "लिहा."